आधी गोळ्यांचा डबा दाखवा

मी फिजिओथेरपिस्ट. घरी जाऊन व्यायाम करून घेते, त्यामुळे खुब्याचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा हे माझे नेहमीचे पेशंट. ‘कसे पडलात?’ असं विचारलं की त्यांच्याआधी घरातलंच कुणीतरी बोलतं, ‘अहो, बाथरूम ओलं होतं.’ असेलही. पण त्याच बाथरूममध्ये सूनही जाते, नातूही जातो; ते पडत नाहीत. म्हणून फरशी मी नंतर बघते, आधी गोळ्यांचा डबा मागते.

डोंबिवलीतल्या एका आजोबांच्या डब्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्या, प्रोस्टेटची एक आणि झोपेची एक निघाली. लिहून देणारे डॉक्टर तीन. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. आडवं झोपवून रक्तदाब मोजला, वरचा आकडा १४२. उभं केलं, मिनिटाभरात ११६. आजोबा कपाटाला धरून म्हणाले, ‘जरा गरगरतंय, पण ते रोजचंच.’ उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो धोक्याचा इशारा समजतात. त्यात रात्री लघवीला उठायचं, डोळ्यांवर गोळीची गुंगी, आणि दिवा लावला तर हिची झोपमोड होईल म्हणून अंधारातच चाचपडत निघायचं. पडायला मग पाणी लागतंच कशाला?

एक चाचणी घरीही करता येते. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा. मी मात्र घड्याळापेक्षा वळताना पावलं कशी पडतात ते बघते, आणि उठताना हात टेकावे लागतात का तेही. लागत असतील तर मांड्यांत ताकद राहिलेली नाही. जुना मधुमेह असला की तळपाय बधिर होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. मोतीबिंदू, बायफोकल चष्म्यातून धूसर दिसणारी जिन्याची पायरी, सरकणारं पायपुसणं हे सगळं आहेच. आणि टॉवेलचा दांडा! त्याला धरून उठणारे कितीतरी जण आहेत. तो एक दिवस स्क्रूसकट हातात येतो. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा.

एकदा पडलं की मुलं म्हणतात, ‘आता उठायचं नाही, सगळं हातात देतो.’ माया खरी, पण परिणाम उलटा. बसून बसून पाय आणखी वाळतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो व्यायामक्रमात पायांची ताकद आणि तोल यांचेच साधे व्यायाम आहेत, तेही घरी करायचे. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. पण पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना आयुर्वेदिक काढ्यासकट सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आणि रक्तदाब उभं राहूनही मोजायला सांगा.