उसाचा दर कोणी ठरवावा?

बाजार मोकळा असावा की त्यावर सरकारचा अंमल असावा, हा वाद पंडितांच्या ग्रंथांत दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावी मात्र तो दर वर्षी दिवाळीच्या सुमारास शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो. कोल्हापूर शहरापासून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. एका बाजूस गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या बाजूस उजळाईवाडीचा विमानतळ, आणि भोवताली उसाची शेते. ऊस तोडीस आला की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. तो कारखान्यास घालावा, किंवा गुऱ्हाळास द्यावा. फड एकच आणि रसही एकच; परंतु पहिल्या वाटेवर पावलोपावली सरकारी हुकूम आहेत आणि दुसरीवर ते फार थोडे आहेत. अर्थशास्त्रास प्रयोगशाळा नसते, अशी त्या शास्त्राच्या अभ्यासकांची तक्रार असते. या पंचक्रोशीत ती तक्रार करण्याचे कारण नाही.

प्रथम गुळाची वाट पाहू. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडतो, चिपाडाच्या जाळावर तो आटतो, भेंडीच्या चिकाने त्यातील मळी वर काढली जाते, आणि गुळव्याच्या नजरेस पाक आला की तो वाफ्यात ओतून त्याच्या ढेपा बांधल्या जातात. ढेपा कोल्हापूरच्या बाजार आवारात जातात. तेथे सौदे निघतात, रंग आणि कण पाहून व्यापारी बोली करतो, आणि त्या दिवशीचा जो भाव तोच शेतकऱ्याचा भाव. गुळास सरकारने ठरविलेली किमान किंमत नाही. गुजरातेत मागणी वाढली तर भाव चढतो. आवक फार झाली तर तो उतरतो. पैसा लवकर हाती येतो हे या वाटेचे मोठे सुख. उद्या काय भाव मिळेल हे आज कोणीही सांगू शकत नाही, हे तिचे दुःख.

हा मोकळा बाजार आपोआप उगवला, असे मात्र कोणी समजू नये. १८९५ साली, गादीवर आल्यास पुरती दोन वर्षेही झाली नसता, शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाऱ्यांस तेथे आणले. त्यापूर्वी चार वर्षे, १८९१ साली, मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली होती. राधानगरीच्या धरणाचे कामही शाहू महाराजांच्याच कारकीर्दीत सुरू झाले, आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील उसास पुढे जे बारमाही पाणी मिळाले त्याचे मूळ तेथे आहे. पेठ, रूळ आणि पाणी या तिन्ही गोष्टी दरबाराने दिल्या. गुळाचा भाव मात्र त्याने ठरविला नाही. ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. गडमुडशिंगीच्या शेजारचे उदाहरण पाहिले तरी हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी वळिवडे येथे जी छावणी उभारली होती, तेथे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस जागा मिळाली. छावणी सरकारी होती. कापडाची पेठ त्या माणसांनी स्वतः उभी केली.

विलायतेतील ज्या ग्रंथकाराचे नाव मोकळ्या बाजाराचे कैवारी नेहमी पुढे करतात, त्या अॅडम स्मिथनेही १७७६ साली राजाकडे तीन कामे ठेविली होती: संरक्षण, न्यायदान, आणि ज्यांतून एकट्यादुकट्यास नफा होणार नाही परंतु सर्वांस उपयोग होईल अशी सार्वजनिक बांधकामे. ज्यांचे बालपणीचे शिक्षण कोल्हापुरातच झाले ते न्यायमूर्ती रानडे याही पुढे गेले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादिले की, अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणाप्रमाणे सर्व देशांस सारखे लागू नसतात, आणि जेथे भांडवल भित्रे व उद्योग नवखे आहेत तेथे सरकारने हात द्यावयास हवा. हिंदुस्थानातील साखरेचा धंदा हे या मताचे ठळक उदाहरण ठरले. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि तेव्हा देशात जेमतेम तीसेक कारखाने होते ते पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जे सहकारी कारखाने निघाले, त्यांच्या भागभांडवलात सरकारचा पैसा आणि कर्जास सरकारची हमी, हा जवळजवळ प्रघातच पडला.

आता कोणी विचारील की, धंदा एकदा पायावर उभा राहिल्यावर सरकारने बाजूस का होऊ नये? कांदा, कापूस किंवा गूळ विकणाऱ्यास जर बाजारावर सोडता येते, तर ऊस विकणाऱ्यास का नाही? या प्रश्नाचे उत्तर उसाच्या जातीत आहे. कापूस घरात ठेवता येतो. गूळ शीतगृहात ठेवता येतो. तोडलेला ऊस चार दिवस ठेवला तर त्याचे वजनही घटते आणि त्यातील साखरही. तो दूरवर नेणे परवडत नाही, आणि जवळ कारखाना बहुधा एकच असतो. ज्याचा माल नाशवंत आहे आणि गिऱ्हाईक एकच आहे, त्याच्या बाबतीत मोकळा करार हे शब्द पोकळ ठरतात. म्हणूनच १९३४ साली उसाच्या किमान किमतीचा पहिला कायदा झाला, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दोन गोष्टी पक्क्या केल्या: सरकारने ठरविलेल्या दरापेक्षा कमी दर कारखान्याने देऊ नये, आणि ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास शेकडा पंधरा दराने व्याज द्यावे.

या दरास २००९ पासून रास्त व किफायतशीर दर म्हणतात. गावोगावी त्याचे नाव एफआरपी. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनास ३५५० रुपये आहे. कोल्हापुराकडील उसाचा उतारा याहून सरस असल्याने येथील दर वर चढतो, आणि त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. शहरात बसून टनाचा आकडा वाचणाऱ्यांच्या ध्यानात ही वजावट बहुधा येत नाही.

येथवर सरकारचे काम समजण्यासारखे आहे. घोटाळा होतो तो याच्या पुढे. उसाचा दर सरकार ठरविते, परंतु त्या उसातून निघणारी साखर बाजारात विकली जाते. साखर उतरली की कारखान्यास दर देववत नाही, आणि शेतकऱ्यांची बाकी थकते. मग कारखान्यांस स्वस्त कर्ज द्यावे लागते. तेही पुरेना, म्हणून २०१८ साली सरकारने साखरेचीही किमान विक्री किंमत किलोस २९ रुपये ठरविली, व २०१९ साली ती ३१ केली. पुढे वर्षानुवर्षे ती तेथेच राहिली. याच काळात उसाचा दर २७५ वरून ३५५ वर गेला. त्यामागील उताऱ्याचा पाया थोडा बदलला हे खरे, तथापि दोन आकड्यांतील अंतर त्याने मिटत नाही. एक दोरी ओढली म्हणून दुसरी, दुसरी ओढली म्हणून तिसरी, असा हा प्रकार आहे. २०१२ साली रंगराजन समितीने यातून सुटण्याची एक वाट सुचविली होती. साखर व तिच्या जोडउत्पादनांच्या उत्पन्नातील शेकडा ७० भाग ऊसकऱ्यास व ३० कारखान्यास, अशी ती वाटणी. लेव्ही, म्हणजे कारखान्यांनी सरकारास कमी दराने साखर द्यावयाची सक्ती, त्या समितीच्या शिफारशीवरून २०१३ साली गेली. महाराष्ट्राने ७०-३० च्या वाटणीचा कायदाही त्याच साली केला. परंतु किमान दराची शाश्वती सोडण्यास ऊसकरी तयार नाही, आणि जमाखर्च पूर्णपणे उघडा करण्यास कारखानदार फारसे उत्सुक दिसत नाहीत.

मोकळ्या बाजाराचा कैवार महाराष्ट्रात सर्वांत आवेशाने कोणी घेतला असेल, तर तो शरद जोशी यांनी. त्यांचे म्हणणे असे की, सरकार शेतकऱ्यास आधार देते हा देखावा आहे. निर्यातबंदी, लेव्ही आणि आयात यांच्या योगाने ते शेतमालाचे भाव पाडीत असते, आणि शहरास स्वस्त अन्न पुरविण्याचा खर्च खेड्यावर टाकते. हे म्हणणे अतिरेकी म्हणून सोडून देता येत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावे. उसाच्या रसापासून मद्यार्क काढून तो पेट्रोलात मिसळावा, यासाठी सरकारनेच कारखान्यांस उत्तेजन दिले, आणि त्यावर विसंबून कारखान्यांनी कर्जे काढून यंत्रे बसविली. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपाच्या हंगामात, रसापासून मद्यार्क काढण्यास बंदी करणारा हुकूम निघाला. आठदहा दिवसांत तो सैल करून मर्यादित साखरेपुरती मुभा दिली गेली, आणि पुढील वर्षी ऑगस्टात बंधन पुरते उठले. साखर महाग होऊ नये हा हेतू कळण्यासारखा आहे. परंतु ज्या घरांतील चहासाठी ही काळजी वाहिली जाते, त्यांच्याहून मिठाईवाले व शीतपेयांचे कारखानदारच साखरेचा मोठा वाटा खातात, आणि तेही त्याच स्वस्ताईत न्हाऊन निघतात, याचा उच्चार कोणी करीत नाही.

याचा अर्थ असा की, चौदा दिवसांचा नियम आणि डिसेंबरातला हुकूम ही दोन्ही सरकारी कामे असली तरी एका जातीची नव्हेत. पहिला नियम वर्षानुवर्षे तोच असतो. त्यावर भरवसा ठेवून माणूस आडसाली लागण करू शकतो. दुसरा महिन्यामहिन्याला बदलतो, आणि उभे पीक काही महिन्यामहिन्याला बदलता येत नाही. काटा खरा आहे की नाही हे पाहणे, पैसा वेळेवर देवविणे, एकाऐवजी दोन गिऱ्हाईके उभी राहतील असे करणे, ही कामे सरकारावाचून होणार नाहीत. साखर केव्हा आणि कोठे विकावी हे दिल्लीहून ठरविण्याची तितकी गरज नाही. त्या कामी सरकारचा अंदाज व्यापाऱ्याहून चांगला ठरतो असा अनुभवही नाही.

तथापि यातील प्रत्येक पक्षाची स्वातंत्र्याची व्याख्या निराळी आहे. कारखानदारास साखर विकण्याची मोकळीक हवी असते. परंतु महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये हवाई अंतर २५ किलोमीटर असावे, हा स्पर्धकास दूर ठेवणारा नियम त्याला जाचक वाटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली. कागल आणि शिरोळकडील ऊसकऱ्यास निपाणी-चिकोडीच्या बाजूचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे चढा दर मिळाला तर ऊस सीमेपलीकडे जातो, आणि त्या भीतीनेच अलीकडचे कारखानेही दर चढवितात. शेतकरी संघटनांनी विरोध केल्यावर काही दिवसांतच ही बंदी मागे घेण्यात आली. रास्त दराची सक्ती जे काम करते, त्यातले निम्मे काम सीमेपलीकडचा एक धुराडा फुकट करीत असतो.

ऊसकऱ्याच्या मागणीतही असाच दुहेरीपणा आहे, आणि त्यास दोष देणे बरोबर होणार नाही. कारण ज्याच्या हाती एकदोन एकर आहेत तो वर्षातून एकदाच विकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची सवलत कारखान्यांस दिली. माजी खासदार राजू शेट्टी यांनी तीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि मुलीचे लग्न ज्याला त्या एकाच बिलातून भागवावयाचे आहे, त्याला दुसरा हप्ता महिन्यांनी आला काय किंवा आला नाही काय, सावकाराच्या दारी जावेच लागते.

आता पुन्हा गुळाकडे वळले पाहिजे, कारण मोकळ्या वाटेवरही सर्व आलबेल नाही. गिऱ्हाईकास पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून बाजार रंगास भाव देतो, आणि रंग आणण्यासाठी काही जण हायड्रोस नावाची पूड वापरतात. साखर स्वस्त झाली की ती गुळात मिसळणारेही निघतात. म्हणजे किमतीने दिलेला निरोप गुऱ्हाळवाल्याने बिनचूक ऐकला, पण निरोपच चुकीचा होता. प्रामाणिकपणे तांबूस गूळ काढणारा अशा बाजारात मागे पडतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव सांभाळण्याचा एक उपाय म्हणून. परंतु मानांकनाचा कागद ढेप फोडून पाहू शकत नाही, त्यास तपासनीस लागतो. इकडे उसास बांधलेला दर मिळू लागल्याने आणि गुळव्यांची नवी पिढी या कामात येत नसल्याने गुऱ्हाळे पूर्वीच्या मानाने फारच थोडी राहिली आहेत.

मे २०२५ मध्ये साखरेविषयीचा जो नवा नियंत्रण आदेश निघाला, त्याने दिवसास ५०० टनांहून अधिक ऊस गाळणारे खांडसरी कारखाने प्रथमच कक्षेत घेतले, आणि उसाचा रास्त दर देण्याचे बंधन त्यांच्यावरही आले. लहान गुऱ्हाळे त्याबाहेर राहिली. ज्या गुऱ्हाळवाल्यास भाव पडल्यावर स्वतःच्याच मजुरीचा मेळ बसत नाही, त्याला हा आदेश लावला असता तर त्याने चुलवण विझविले असते, आणि कारखाना सुरू होण्यास उशीर झाला असता ऊस घेणारे दुसरे दार गावात उरले नसते.