माफीच्या साक्षीदाराचा शब्द

घरफोडी करतांना घरधन्याचा खून पडला, असा एक प्रसंग कल्पून पाहा. रात्रीची वेळ, पाहणारा कोणी नाहीं. पुढें चोरांपैकीं एकजण पकडला जातो. घडलें तें सर्व खरें सांगण्याच्या अटीवर त्याला क्षमा मिळते, आणि तो माफीचा साक्षीदार म्हणून न्यायासनापुढें उभा राहतो. त्याच्या जबानीवर दुसऱ्या एका इसमास शिक्षा होते व तो इसम अपील करितो. आतां वरिष्ठ न्यायालयापुढें प्रश्न असा कीं, गुन्ह्यांत स्वतः सामील असलेल्याच्या शब्दावर दुसऱ्याचा प्राण टांगावा काय?

याविषयीं १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत दोन वचनें होतीं. कलम १३३ अन्वयें अशी साक्ष ग्राह्य होती, आणि केवळ पुष्टि नाहीं एवढ्यानें शिक्षा बेकायदेशीर ठरत नसे. उलट कलम ११४ च्या दुसऱ्या उदाहरणाप्रमाणें, महत्त्वाच्या बाबतींत पुष्टि मिळाल्यावांचून गुन्ह्यांतील साथीदार विश्वासास अपात्र आहे, असें न्यायालयास धरून चालतां येई. एका कलमानें दार उघडलें, दुसऱ्यानें उंबऱ्यावर पहारेकरी बसविला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्यें तर पुष्टि मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे.

पण पुष्टि म्हणावें कशास? आपला साक्षीदार सांगतो, ‘आम्हीं मागची भिंत पहारीनें फोडली आणि पेटींतल्या पाटल्या नेल्या.’ पंचनाम्यांत भगदाडाची नोंद आहे. पाटल्याही गेलेल्या आहेत. मग हा खरें बोलतो, असें आपण सहज म्हणूं. फसगत होते ती इथेंच. भिंत कशी फुटली हें त्याला ठाऊक असणारच. तो तेथें होता! भगदाड खरें ठरलें म्हणून ‘बरोबर अमका होता’ हें खरें ठरत नाहीं.

ओरिसांतील एका खुनाच्या प्रकरणीं, भुबोनी साहू याच्या अपिलांत, प्रिव्ही कौन्सिलनें १९४९ सालीं हाच धोका उघड करून दाखविला. निकाल देणारे सर जॉन बोमाँट हे पूर्वीं मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा: साक्षीदार दुर्वर्तनी असतो व स्वतःची मान सोडवूं पाहतो, एवढाच धोका नव्हे. त्याची हकीकत ढोबळ मानानें खरी असते, आणि खऱ्या हकीकतींत खोटा भाग गुंफणें त्याला सोपें जातें, हा खरा धोका. मग अपराध्याच्या जागीं निरपराध माणूस उभा केला, तरी गोष्टीचा एक धागाही उसवत नाहीं.

म्हणून पुष्टि स्वतंत्र ठिकाणाहून यावी, आणि ती त्या विशिष्ट आरोपीस गुन्ह्याशीं जोडणारी असावी. सदर प्रकरणीं सहआरोपीच्या कबुलीजबाबाचा आधार पुढें केला होता. तो पुरेसा मानला गेला नाहीं व अपील मंजूर झालें. वर्गांत शेजारीं बसलेल्या दोन मुलांच्या पाट्यांवर एकच उत्तर दिसलें, तर दोघांनींही गणित सोडविलें असें शिक्षक धरीत नाहीं, तसेंच हें. अर्थात् जबानींतील प्रत्येक तपशील वेगळा सिद्ध व्हावा, असा आग्रह नाहीं. तसें झालें, तर त्या साक्षीची गरजच उरणार नाहीं.

त्या पाटल्या आरोपीच्या घरीं सांपडल्या तर? चोरीनंतर लवकरच सांपडल्या व घरच्यांनीं खूण पटवून ओळखल्या, तर पुष्टीस वजन येतें. बऱ्याच महिन्यांनीं सांपडल्या, तर तो केवळ चोरीचा माल घेणारा असूं शकेल. जाणूनबुजून तसा माल घेणें हा गुन्हाच. पण तो खून नव्हे.

तेव्हां ‘माफीच्या साक्षीदारानें सर्व कांहीं सांगितलें’ असें वृत्तपत्रांत वाचाल, तेव्हां मनाशीं एवढेंच विचारावें: यांतील कोणती गोष्ट त्याच्यावांचून इतर कोणी सांगितली, आणि ती गुन्ह्याकडे बोट दाखविते कीं पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या माणसाकडे?