यंत्र चालवायला कोणते लिनक्स?

आमच्या हॉबी वर्कशॉपमध्ये लाकूड कोरणारे छोटे सीएनसी राउटर आहे. हाउसच्या ढाली आणि डॉर्मिटरीच्या पाट्या आम्ही त्यावर कोरतो. ते चालवणाऱ्या संगणकावर कोणते लिनक्स घालायचे, हे ठरवायचे काम या सत्रात आम्हा तिघांकडे आले. "कोणतेही घाला, सगळी सारखीच," असे बरेच जण म्हणाले. ती सारखी नसतात.

राउटरच्या प्रत्येक अक्षाला एक स्टेपर मोटर असते. संगणकाकडून विजेचा एक स्पंद आला की ती एक पाऊल सरकते. आमच्या मोटरची एका फेऱ्याची पावले २००. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो, म्हणजे १६०० स्पंद. एका फेऱ्यात स्क्रू ५ मिलिमीटर सरकवतो, म्हणून १ मिलिमीटरला ३२० स्पंद लागतात. सेकंदाला २० मिलिमीटर वेग हवा असेल तर सेकंदाला ६४०० स्पंद, म्हणजे साधारण दर १५६ मायक्रोसेकंदांनी एक. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोसेकंद.

परेडवर उस्तादांचा ठेका एकदा चुकला की अख्ख्या रांगेचे पाऊल बिघडते. इथेही तसेच. एक स्पंद उशिरा आला की पुढचा त्याच्या फार जवळ पडतो आणि मोटरचे पाऊल हुकते. ते हुकल्याचे आमच्या मोटरकडून संगणकाला कळत नाही. तो पुढचे सगळे सरकलेल्या जागी कोरत राहतो आणि ढाल वाया जाते.

साधे लिनक्स सगळ्या प्रोग्रॅमना वेळ वाटून देते. ब्राउझर उघडला की क्षणभर तिकडे वळते. आपल्याला ते जाणवत नाही, मोटरला जाणवते. रिअल-टाइम कर्नल मात्र तातडीचे काम आले की बाकीची कामे बाजूला ठेवतो. ही सोय २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच आली. पण नुसता कर्नल पुरत नाही, स्पंद पाठवणारा प्रोग्रॅमही लागतो. आम्ही लिनक्ससीएनसी घेतले. त्याचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत आहे आणि ते फुकट मिळते. डेबियन, रिअल-टाइम कर्नल आणि हा प्रोग्रॅम अशी एकत्र तयार इमेज असते. उबुंटूवर सगळे जमवताही येते, पण आधी यंत्र चालू दे, हौस नंतर, असे माझे मत पडले.

इमेज पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. मग संगणक त्यावरूनच सुरू करायचा आणि इन्स्टॉल करण्याआधी लेटन्सी टेस्ट लावायची. टेस्ट चालू असताना संगणकाला मुद्दाम छळायचे: खिडक्या हलवा, मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा. पाहायचा तो सर्वांत मोठा उशीर. सरासरी इथे कामाची नाही. २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३० ते ५० मध्ये काम भागते, १०० च्या वर गेला तर त्या संगणकाकडून स्पंद पाठवायचे नाहीत.

आमच्याकडे एक नवा लॅपटॉप होता आणि प्रिंटर पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप. लॅपटॉप २०० च्या पुढे गेला. वीज वाचवायला तो आपला वेग सारखा बदलतो, शिवाय त्याचे फर्मवेअर मध्येच लिनक्सला थांबवते. त्याला प्रिंटर पोर्टही नाही, आणि यूएसबीवरून तो देणारा कन्व्हर्टर या कामाला चालत नाही. डेस्कटॉप आधी ३४ वर होता. बायोसमध्ये वीजबचत बंद केल्यावर १७ वर आला. तोच घेतला.

इन्स्टॉल अर्ध्या तासात झाले. नंतर स्टेपकॉन्फ नावाच्या विझार्डमध्ये २००, ८, ५ आणि टेस्टचा आकडा भरला.

पालकांसाठी एक गोष्ट सांगतो. लाल इमर्जन्सी बटण आम्ही संगणकाच्या भरवशावर ठेवलेले नाही. ते दाबले की मोटरांची आणि कटरची वीज थेट तुटते, मग पडद्यावर काहीही चालू असो. रोज पहिल्यांदा ते दाबून दाखवल्याशिवाय सर कटर बसवू देत नाहीत.