मशीन रक्तपेशी मोजतं, मग टेक्निशियन कशाला?

बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटीचा विषय निघाला, की हल्ली घरातून पहिला प्रश्न येतो: एआय आल्यावर लॅब टेक्निशियनच्या नोकऱ्या उरतील का? प्रश्न रास्त आहे. पण त्याची जी उत्तरं ऐकू येतात, त्यांतली बरीचशी चुकीची आहेत.

गैरसमज : लॅबमध्ये यंत्रं आत्ता कुठे येऊ लागली आहेत.

रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रामागच्या तत्त्वाचं पेटंट वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्येच मिळालं. रक्तातल्या रसायनांच्या तपासण्या आपोआप करणारा ऑटोअ‍ॅनालायझर १९५७ पासून बाजारात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजण्याचं काम कमी झालं, तसं तपासण्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं.

गैरसमज : ही नोकरी जाणार, हे संशोधनानं सिद्ध झालंय.

हा दाखला बहुधा ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांच्या २०१३ च्या अभ्यासाचा असतो. त्यात अमेरिकेतल्या लॅब टेक्नॉलॉजिस्टच्या कामाचं संगणकीकरण होण्याची शक्यता ९० टक्के दाखवली होती. त्याच लॅबमधल्या, तुलनेनं कमी शिकलेल्या टेक्निशियनसाठी मात्र ४७ टक्के! एकाच छताखालच्या दोन कामांत एवढी तफावत दिसते, तेव्हा असे आकडे जपूनच वापरावेत. शिवाय तो अंदाज काम यंत्राला जमू शकेल का, याचा होता. किती माणसं घरी बसतील, याचा नव्हता. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानं २०२३ ते २०३३ या दशकासाठी या दोन्ही पदांत मिळून सुमारे ५ टक्के वाढ वर्तवली होती.

गैरसमज : मशीननं आकडा दिला, म्हणजे काम संपलं.

सगळ्यात घातक समज हाच. डेंग्यूच्या दिवसांत सीबीसीत प्लेटलेट वीस हजार दिसतात. घरचे घाबरतात, रक्तपेढ्यांना फोन सुरू होतात. रुग्ण मात्र ठणठणीत, कुठे रक्तस्राव नाही. अशा वेळी जाणता टेक्निशियन आधी नळीत गुठळी आहे का ते बघतो आणि मग स्लाइड करतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या रक्तात त्याच रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो पुंजका प्लेटलेट म्हणून मोजता येत नाही आणि आकडा खोटाच कोसळतो. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, की बहुतेकदा खरा आकडा मिळतो. आधुनिक मशीन शंकेची खूण दाखवतं, हे खरं. पण ती खूण पाहून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरणारं माणूस हवं.

पोटॅशियमचंही तसंच. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर ते वाढलेलं दिसतं. ईडीटीएच्या नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलं, तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम खाली. मशीन मुकाट्यानं तोच आकडा छापेल आणि पुढचे उपचारही त्यावर होतील. लॅबच्या चुकांचा मोठा वाटा सॅम्पल मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच घडलेला असतो.

गैरसमज : मग धोका अजिबातच नाही.

आहे. मोठ्या शहरांतल्या मध्यवर्ती लॅबमध्ये नळ्या लावणं, झाकणं काढणं, फिरवणं, साठवणं हे सारं पट्ट्यावर आपोआप होतं. फक्त नळ्या लावून बटण दाबता येणाऱ्याची जागा तिथे आकसत जाणार. रक्तपेढीतलं क्रॉसमॅच, सूक्ष्मजीवशास्त्र, पीसीआर, रोजचं क्वालिटी कंट्रोल येणाऱ्याची मागणी टिकेल. क्षयरोगाच्या तपासणीचं गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून छोट्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. पण थुंकीचा नमुना तयार करायला तिथे प्रशिक्षित हात लागतोच. तरुणांना या क्षेत्राबाहेर ढकलतो आहे तो माझ्या मते रोबोपेक्षा तुटपुंजा पगार आणि कंत्राटी नेमणूक. त्यावर मात्र कुणी बोलत नाही.

गैरसमज : डिप्लोमा झाला, की स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देता येतो.

नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये उचलून धरली.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी कॉलेजमध्ये एवढं विचाराच: मुलांना स्लाइड स्वतः वाचायला शिकवता का, आणि चालत्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये किती महिने काम करायला मिळतं? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.