जखमेची 'हुशार' पट्टी : किती खरी, किती दूर?

ज्या घरात कोणालाच मधुमेह नाही असे मराठी घर आता शोधावेच लागते. मधुमेही माणसाच्या पायाची जखम लवकर भरत नाही, हेही आपण ऐकून असतो. अलीकडे वर्तमानपत्रांतून 'स्मार्ट ड्रेसिंग'च्या बातम्या येतात : जखमेला हलकी वीज देणारी, तिच्या कडा ओढून जवळ आणणारी, जंतुसंसर्ग झाला तर कळवणारी पट्टी. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला इंजिनिअर आहे. त्यामुळे ही पट्टी कशी चालते तेवढे सांगतो. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच.

जखमेचा आणि विजेचा संबंध काय? त्वचेच्या पेशी सोडियमचे विद्युतभारित कण सतत आत ओढत असतात. त्यामुळे त्वचेच्या दोन बाजूंत काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. म्हणजे त्वचा ही एक छोटी बॅटरीच. ती फाटली की तेथे शॉर्टसर्किट होते आणि जखमेतून अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो. १८४३ साली जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यु बुआ-रेमाँ यांनी स्वतःच्या कापलेल्या बोटातून तो मोजला. २००६ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या मिन झाओ व सहकाऱ्यांनी दाखवले, की जखम बुजवणाऱ्या पेशी या विद्युतक्षेत्राच्या दिशेने सरकतात; दिशा उलटवली तर त्याही उलट फिरतात. बाहेरून वीज देण्यामागे हाच विचार आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने यापुढची पायरी गाठली. त्यांच्या पट्टीतील सेन्सर जखमेचे तापमान आणि विद्युतरोध मोजतात. जखम भरत आली की रोध वाढतो; जंतुसंसर्ग झाला तर तापमान चढते व रोध उतरतो. त्यानुसार पट्टी वीज देते. घरातल्या थर्मोस्टॅटसारखेच हे काम : मोजा, ठरवा, पुन्हा मोजा. जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. पण त्या उंदरांच्या होत्या.

दुसरी रीत ओढ देण्याची. २०१९ मध्ये हार्वर्ड आणि मॅकगिल विद्यापीठांतील संशोधकांनी शरीराच्या उबेने आकसणारी जेलची पट्टी तयार केली. ती जखमेच्या कडा जवळ ओढते. तीही अजून संशोधनातच आहे. मात्र याच जातीचा एक उपचार रुग्णालयांत रुळला आहे. जखमेवर स्पंज ठेवून, वरून हवाबंद पातळ पडदा लावून, पंपाने हवा खेचतात. साचलेला द्रव निघून जातो आणि पेशींना ताण मिळतो. १९९७ साली आर्जेंटा व मॉरिक्वास या अमेरिकन संशोधकांनी ही पद्धत मांडली.

आता मुद्द्याचे. उपचारांची शिफारस ठरवणाऱ्या 'नाइस' या ब्रिटिश संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की मधुमेही पायाच्या जखमेवर विद्युत उपचार चाचणीखेरीज देऊ नये. पंपाच्या उपचाराला मात्र, जखम शस्त्रक्रियेने साफ केल्यानंतर व तज्ज्ञांच्या सल्ल्याने, वाव ठेवला आहे. तेव्हा जाहिरात पाहून वीज देणारे यंत्र घरी आणू नये. ते पैसे तर जातातच, त्याहून मोलाचे दिवस जातात.

त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे पायाला जखम वा संसर्ग झालेल्या मधुमेही रुग्णाला एका कामाच्या दिवसाच्या आत पायाच्या तज्ज्ञांकडे पाठवायला हवे. जखम दिसताच जीपीला फोन करून 'मधुमेह आहे आणि पायाला जखम आहे' ही दोन्ही वाक्ये सांगा. पाय काळा पडला, लाली पसरली किंवा ताप आला, तर थेट ए अँड ई गाठा. कॅमडेनकरांना रॉयल फ्री आणि युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल जवळ आहेत. हळद भरून वाट पाहू नका. आपण घरात अनवाणी वावरतो आणि नसा बधिर झाल्या असतील तर टोचलेले कळत नाही. म्हणून रोज रात्री तळवे पाहावेत आणि घरात सपाता घालाव्यात. वर्षातून एकदा होणारी एनएचएसची पायतपासणी चुकवू नये.

थोडे पैशांविषयी. इंग्लंडमध्ये मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना सर्व प्रिस्क्रिप्शन मोफत मिळतात; त्यासाठी 'एफपी ९२ ए' हा फॉर्म जीपीकडून घ्यावा. साठीनंतर तर सर्वांनाच मोफत. पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांचे तसे नाही. जीपीची तपासणी आणि ए अँड ईमधील उपचार त्यांना विनामूल्य आहेत; मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावर दीडपट दराने बिल येते. म्हणून त्यांचा विमा उतरवताना मधुमेह लपवू नये आणि तो विम्यात धरला आहे याची लेखी खात्री करून घ्यावी. खर्चाच्या भीतीने मात्र जखम झाकून ठेवू नये. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवता येत नाहीत.

हुशार पट्ट्या येतील तेव्हा येतील. तोवर तिकिटाबरोबर विमा काढावा आणि आईबाबा आले की पहिल्याच दिवशी त्यांच्या पायांचे तळवे एकदा उजेडात पाहावेत.