उसना आणलेला सिनेमा

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. सिनेमे जपणं हे त्याचं मुख्य काम, पण वाचनालयासारखी त्याची एक खिडकीही होती. तिथून फिल्म सोसायट्यांना चित्रपटांच्या प्रती उसन्या मिळत. १६ मिमीचं १६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटं चालतं. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला तीन रिळं, मध्ये दिवा लावून रीळ बदलायचं, आणि तोवर प्रेक्षकांची कुजबुज.

कर्नाटकातल्या आपल्या जोयडा तालुक्याच्या दक्षिणेला, सागर तालुक्यातल्या हेग्गोडू गावात के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७३ मध्ये ‘चित्रसमाज’ ही अशीच एक फिल्म सोसायटी काढली आणि जगभरातला सिनेमा गावकऱ्यांपुढे ठेवला. उत्तम सिनेमा खेड्याला कळत नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

आज जोयडेकरांनी मागून घ्यावा असा माहितीपट म्हणजे ‘वाइल्ड कर्नाटक’. अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांच्या या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजी निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचं, कन्नड ऋषभ शेट्टींचं. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत वाढणाऱ्या मुलांनी तो पडद्यावर, सगळ्यांसोबत बसून पाहायलाच हवा. आपल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे अरिवु केंद्रात, त्याची मागणी जरूर नोंदवा.