सेल्फ का घेत नाही? हंगामापूर्वी जुन्या ट्रॅक्टर-जीपची तपासणी



पावसाळा सरला की गळिताची गडबड सुरू होते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन घटते, उताराही उतरतो. म्हणून तो शक्यतो 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपण नेहमी सांगतो. पण भरलेल्या ट्रॉलीपुढचा ट्रॅक्टरच पहाटे सेल्फ घेईना, तर काय करायचे? चार महिने उभी असलेली जुनी गाडी, त्यात महाड-पोलादपूरचा पाऊस आणि दमट हवा. विजेच्या जोडण्यांना गंज धरणारच.

गाडी चालू झाली नाही की आपला पहिला संशय बॅटरीवर. पोलादपूरकडच्या एका सभासदांनी जुन्या जीपला नवी कोरी बॅटरी घातली, तरी नुसते ‘टक्’ वाजायचे. दोष निघाला अर्थच्या पट्टीत. चासिसला जिथे ती बोल्टने कसतात, तिथे गंजाचा थर होता. पाना आणि पॉलिश पेपर घेऊन अर्ध्या तासाचे काम. बॅटरीचे पैसे मात्र आधीच गेले. म्हणून आधी निदान, मग खर्च.

तपासणीची सोपी रीत अशी. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि एकाला दिव्याकडे बघायला सांगून सेल्फ मारा.

1. दिवा आधीच मंद, किंवा सेल्फ मारताच विझतो, नुसते ‘कट-कट-कट’ वाजते : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल, गंजलेले आहे.

2. दिवा लख्ख, आवाज काहीच नाही : सेल्फपर्यंत करंट पोचत नाही. किल्लीचा स्विच, त्याची वायर, न्यूट्रलचा सेफ्टी स्विच किंवा सोलेनॉइड पाहा.

3. दिवा फारसा उतरत नाही, एकच ‘टक्’ वाजते : सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असावेत.

4. सेल्फ नुसता घूं करून फिरतो, इंजिन फिरत नाही : बेंडिक्सचा पिनियन किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते पाहा.

5. इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही : डिझेल गाडीत बहुधा दोष विजेचा नसतो. डिझेल, फिल्टर आणि लाइनीत शिरलेली हवा तपासा.

व्होल्टमीटर असेल तर काम आणखी सोपे. रात्रभर उभ्या असलेल्या 12 व्होल्टच्या चांगल्या बॅटरीत 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसतात. 12 च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजा. सेल्फ मारताना आकडा साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले तर चार्जिंग ठीक आहे. न दिसल्यास पट्टा, डायनामो व कटआऊट पाहावे, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. अर्थ तपासायचा तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नये. मग घासून, कसून वर व्हॅसलिन लावावे. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे नव्हे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे.

दोन गोष्टी जिवाच्या. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. उघडताना अर्थचे टोक आधी काढावे, जोडताना शेवटी लावावे. दुसरे म्हणजे, खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताच मागच्या चाकाखाली माणूस सापडतो. घाई असली तरी हे करू नका. सीटवर बसूनच किल्ली फिरवा.

शेवटी पुराविषयी. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला पाणी ओसरताच सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा, ऑइल बदला, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, सेल्फ व डायनामो खोलून वाळवा.

तरी सभासदांनी तोडणीची पाळी येण्याआधी पंधरा दिवस ही तपासणी उरकावी. फडातला ऊस मेकॅनिकची वाट बघत थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी